रामलालचे हात : 'शोले'च्या जीर्णोद्धाराच्या निमित्ताने

'शोले'वर लेख, आणि तो या पानांत कशासाठी, असा प्रश्न काही वाचक करतील. प्रश्न रास्त आहे. शिष्यवृत्तीचे पैसे वर्ष सरले तरी हाती पडत नाहीत, गायरान कसणाऱ्याच्या नावावर सातबारा होत नाही, अत्याचाराच्या खटल्यांत साक्षीदार टिकत नाहीत. हे सारे सोडून पन्नास वर्षांपूर्वीच्या एका डाकूपटाची चर्चा का करावी? माझे उत्तर सरळ आहे. शाळेचे तोंड न पाहिलेल्या माझ्या आजीला दोनच गोष्टी तोंडपाठ होत्या : भीमगीते आणि 'शोले'. पहिली गोष्ट तिने निवडली होती. दुसरी तिच्या कानांवर आदळत राहिली आणि राहता राहता मनात जाऊन बसली. आपण न निवडता जे आपल्या मनात जाऊन बसते त्याची झडती घेणे हे विचार करणाऱ्या माणसाचे काम आहे. पोथ्यापुराणांची झडती आपल्या आधीच्या पिढ्यांनी घेतली. आमच्या पिढीच्या मनात पोथीपेक्षा पडदा अधिक आहे.

निमित्तही ताजे आहे. मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनने सिप्पी फिल्म्सच्या सहकार्याने 'शोले' दुरुस्त करून घेतला. २७ जून २०२५ रोजी इटलीतील बोलोन्या शहरात, उघड्या चौकात तो दाखवला गेला. १२ डिसेंबर २०२५ रोजी तो आपल्याकडच्या चित्रपटगृहांत आला. वीरूचे काम करणारे धर्मेंद्र त्याच्या तीनच आठवडे आधी वारले होते. या नव्या प्रतीत १९७५ साली कापलेली दोन दृश्ये आहेत आणि सेन्सॉरने बदलायला लावलेला मूळ शेवटही आहे. वर्तमानपत्रांनी याचे कौतुक केले. ते त्यांनी करावे. आपल्याला वेगळा प्रश्न विचारायचा आहे : परत काय आले, कोणाचे आले, आणि ज्याचे कधी आलेच नाही त्याचे काय?

१

चित्रपटाचा जीर्णोद्धार कसा होतो हे आधी समजून घेऊ. पुढचा मुद्दा त्यावरच उभा आहे.

चित्रपट कॅमेऱ्यात ज्या पट्टीवर उतरतो ती मूळ निगेटिव्ह. तिच्यावरून चित्रपटगृहांत जाणाऱ्या प्रती निघतात. प्रती जितक्या अधिक काढाव्यात तितकी ती झिजते. म्हणजे जो चित्रपट लोकांनी डोक्यावर घेतला त्याचीच निगेटिव्ह सर्वांत आधी निकामी होण्याचा धोका असतो. शिवाय उष्णता आणि दमट हवा यांनी फिल्मचा पाया आंबतो, तिला व्हिनेगरसारखा वास येतो, ती आकसते, रंग उडतात. 'शोले'चे हेच झाले. मूळ निगेटिव्ह फार खराब झाली होती आणि ७० मिलीमीटरची एकही प्रत शिल्लक नव्हती. निगेटिव्हवरून काढून ठेवलेल्या मधल्या पॉझिटिव्ह प्रतीचे डबे इंग्लंडमधल्या एका गोदामात सापडले, काही मुंबईत होते. ते बोलोन्याच्या 'लिमाजिने रित्रोवाता' या प्रयोगशाळेत गेले आणि काम सुमारे तीन वर्षे चालले.

तेथे पट्टीवरची एकेक चौकट यंत्राने टिपतात. सेकंदाला २४ चौकटी. २०४ मिनिटांच्या चित्रपटाचा हिशेब केला तर त्या २ लाख ९३ हजारांच्या वर जातात. मग ओरखडे, धूळ, बुरशीचे डाग काढायचे, उडालेला रंग मूळ जागी आणायचा, आवाजातली खरखर दूर करायची. या कामाचा एक नियम आहे. काळाने जे वरून चढवले ते काढायचे. मुळात चित्रात जे होते त्याला हात लावायचा नाही.

नियम योग्यच आहे. पण त्याचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. काळाने केलेले नुकसान भरून निघते. समाजाने केलेले नुकसान चित्राच्या आत असते आणि तेही तितक्याच निगुतीने उजळून निघते. जीर्णोद्धार हा शब्द आपल्याला देवळांवरून ठाऊक आहे. शिखराला नवा रंग येतो, गाभाऱ्याला नवी फरशी येते. त्यामुळे दार सर्वांना उघडे होते असे नाही. १९३० साली नाशिकला काळाराम मंदिराच्या दाराशी आपली माणसे उभी राहिली तेव्हा प्रश्न देवळाच्या डागडुजीचा नव्हता.

२

आता हा चित्रपट आपल्यापर्यंत कसा आला ते पाहू. १५ ऑगस्ट १९७५ रोजी तो प्रकाशित झाला. आणीबाणी लागून दोन महिनेही झाले नव्हते. मुंबईच्या मिनर्व्हात तो पाच वर्षे चालला. पण नगर जिल्ह्यातल्या वस्त्यांत (या जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर आहे) तो पाहिला जाण्याआधी ऐकला गेला. पॉलिडॉर कंपनीने त्याच्या संवादांच्या तबकड्या काढल्या होत्या. लग्नाच्या मांडवात, जत्रेत, गणपतीपुढे कर्ण्यावरून त्या वाजत. कर्णा जातिभेद पाळत नाही; देवळावर बांधला तरी वस्तीत ऐकू येतो. पुढे जत्रेतल्या तंबूत चित्र आले आणि ऐंशीच्या दशकात भाड्याचा व्हिडिओ आला. वस्तीने वर्गणी काढायची, तालुक्याहून टीव्ही आणि व्हीसीआर आणायचा, समाजमंदिरापुढे मांडायचा आणि पहाटेपर्यंत तीन चित्रपट बघायचे. माझ्या वडिलांनी 'शोले' असाच पाहिला, जयंतीच्या रात्री, मिरवणूक संपल्यावर. मी तो पाहिला सीडीवर, ऊसतोडणीवरून परत आलेल्या एका शेजाऱ्याने उचलीच्या पैशांतून घेतलेल्या यंत्रावर.

ज्या मूळ शेवटाची आज इतकी चर्चा आहे तोही आधी घरगुती व्हिडिओवरूनच बाहेर आला. १९९० च्या सुमारास ब्रिटनमध्ये निघालेल्या कॅसेटमध्ये तो होता. पुढे डीव्हीडीवर आला आणि नकलांच्या नकला होत फिरला. सरकारने कापलेली गोष्ट लोकांच्या हाती बाजाराने आणि चोरट्या प्रतींनी पोचवली, हे नोंदवून ठेवण्यासारखे आहे.

मात्र त्या प्रतींत चित्राची दशा वाईट असे. कॅसेटची नक्कल, तिची पुन्हा नक्कल. पुढे उभ्या असलेल्या नायकाचा चेहरा ओळखू येई. त्याच्या मागे उभा असलेला माणूस म्हणजे एक तपकिरी डाग. आमच्या लेखी त्या चित्रपटात मागे कोणी उभेच नव्हते. नव्या प्रतीत तो डाग पुसला गेला आहे आणि तेथे एक चेहरा आहे. माझ्या दृष्टीने या जीर्णोद्धाराची सर्वांत मोलाची देणगी ती आहे. त्या चेहऱ्याकडे मी येणारच आहे. आधी गाव पाहू.

३

'शोले'चे कूळ अमेरिकन वेस्टर्नचे. घोडेस्वार, बंदुका, उजाड माळ, संकटातले गाव आणि बाहेरून आणलेले लढवय्ये. वेस्टर्नची पहिली अट अशी असते की जमीन रिकामी दिसली पाहिजे. तेथे हजारो वर्षे राहणारा मूळनिवासी माणूस हा त्या चित्रांत माणूस नसतो. वादळ, दुष्काळ, कोल्हे यांसारखे एक संकट असतो. हा साचा हिंदीत आला तो 'मेरा गांव मेरा देश' (१९७१), 'खोटे सिक्के' (१९७४), 'काला सोना' (१९७५) अशा चित्रपटांतून. 'शोले' त्यांत सर्वांत मोठा आणि सर्वांत सफाईदार. कुरोसावाच्या 'सेव्हन सामुराई'ची आणि सर्जिओ लिओनीच्या चित्रपटांची छाया त्याच्यावर आहे आणि ती कोणी लपवलेली नाही.

'शोले'चे रामगढ हे खरे गाव नव्हे. बंगळुरूजवळच्या रामनगरच्या खडकांत ते नव्याने उभारले होते. मोकळ्या जागेवर माणसे गाव बांधतात तेव्हा त्यांच्या मनातले गाव बाहेर येते. रामगढमध्ये काय आहे? देऊळ आहे, मशीद आहे, ठाकूरची हवेली आहे, टांगा आहे, पाण्याची टाकी आहे. महारवाडा नाही, चांभारवाडा नाही, मांगवाडा नाही. मेलेले ढोर कोण ओढतो, दवंडी कोण पिटतो, या प्रश्नांना रामगढमध्ये जागा नाही. टाकीवर चढून वीरू लग्नासाठी धिंगाणा घालतो आणि सारे थिएटर हसते. मीही हसलो आहे. पण महाडच्या चवदार तळ्याचे पाणी १९२७ साली ज्यांना लढून प्यावे लागले त्यांच्या नातवंडांनी हसून झाल्यावर एवढे तरी विचारावे, की त्या टाकीच्या नळाखाली हंडा कोणाकोणाला लावता येत होता?

कोणी म्हणेल, त्या काळच्या सिनेमाला हे सुचतच नव्हते. ते खरे नाही. १९७६ साली श्याम बेनेगलांचा 'मंथन' आला. गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये घालून तो काढला. त्यात गावाबाहेरची वस्ती आहे, सहकारी सोसायटीच्या निवडणुकीत उभी राहिलेली जात आहे, भोला नावाचा चिडलेला तरुण आहे. योगायोग असा की 'मंथन'चाही जीर्णोद्धार याच संस्थेने केला आणि २०२४ साली तो कान येथे दाखवला गेला. आपला जिल्हा सहकाराचा. प्रवरेचा साखर कारखाना १९५० सालचा. म्हणून आपल्या कार्यकर्त्यांनी हे दोन चित्रपट लागोपाठ पाहावेत. दोहोंत एका वर्षाचे अंतर आहे. एकाला गावकुसाबाहेरचे दिसले, दुसऱ्याला दिसले नाही. दिसणे न दिसणे हे कॅमेऱ्याच्या ताकदीवर अवलंबून नसते.

रामगढच्या नकाशात आणखी एक गोष्ट आहे. गावकूस संपले की थेट डाकूंचे खडक सुरू होतात. म्हणजे गावात राहतो तो माणूस आणि गावाबाहेर राहतो तो डाकू. ज्यांचा पत्ताच गावाबाहेरचा आहे त्यांनी हे चित्र जपून पाहिले पाहिजे. १८७१ साली इंग्रजांनी कायदा करून कित्येक जमातींना जन्माने गुन्हेगार ठरवले. स्वतंत्र भारताने तो कायदा १९५२ साली रद्द केला. पण आजही कुठे दरोडा पडला की पोलिसांची गाडी आधी पारध्यांच्या पालांकडे वळते, हे आपल्या भागातल्या कार्यकर्त्यांना सांगायला नको. कायद्याच्या पुस्तकातून गेलेली ही समजूत लोकांच्या डोक्यात तगून राहिली, त्यात डाकूपटांचाही वाटा आहे. तुरुंगातल्या जातिभेदाविषयी ३ ऑक्टोबर २०२४ रोजी निकाल देताना सर्वोच्च न्यायालयालाही विमुक्तांकडे सराईत गुन्हेगार म्हणून पाहण्याच्या वृत्तीची दखल घ्यावी लागली.

४

आता तो मागे उभा असलेला चेहरा. त्याचे नाव रामलाल. सत्येन कप्पूंनी ते काम केले आहे.

बी.ए.च्या वर्गात मी एकदा नायक आणि खलनायक या विषयावर बोलत होतो. उदाहरण अर्थातच 'शोले'चे. मागच्या बाकावरचा पाथर्डीकडचा एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "सर, रामलालचं आडनाव काय?" वर्ग हसला. मला उत्तर देता आले नाही, कारण उत्तर चित्रपटातच नाही. आडनाव नाही, घर नाही, बायकामुले नाहीत, गाव नाही. पण तो जवळजवळ प्रत्येक महत्त्वाच्या प्रसंगी हजर आहे.

ठाकूर बलदेवसिंगचे दोन्ही हात गब्बरने तोडले आहेत. चित्रपटाचे सारे दुःख त्या दोन हातांचे आहे आणि शालीआडचे रहस्यही तेच. हात तोडण्याची क्रूरता मला कमी लेखायची नाही. पण एक साधा हिशेब मांडून पाहावा. हात गेल्यावरही ठाकूर जेवतो, कपडे घालतो, त्याच्या अंगावर शाल नीट बसते, तिजोरी उघडते, पैसे मोजले जातात. हे सारे कोणाच्या हातांनी? रामलालच्या. ठाकूरचे हात तुटले तेव्हा त्याला दुसरे दोन हात आपोआप मिळाले. कोणी विचारले नाही, कोणी आभार मानले नाहीत. रामलालचे हात त्या दिवशी तुटले असते तर चित्रपट झाला असता काय?

मूळ प्रतीत याच हातांचे एक काम आहे. ठाकूर गब्बरला पायांनी मारणार, म्हणून त्याच्या जोड्यांच्या तळव्यांत खिळे ठोकायचे. हे काम करतो रामलाल. पादत्राणाचे काम करणारा हात ही आपल्या साहित्यात मोठी खूण आहे. ज्या समाजाने जोडे शिवायचे आणि स्वतः मात्र गावातून जाताना ते हातात धरायचे, त्या समाजाला या दृश्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. सूड ठाकूरचा, शौर्य ठाकूरचे, अश्रू ठाकूरचे. हत्यार तयार केले ते रामलालने. गब्बरविषयी त्याला स्वतःला काय वाटत होते? त्याचेही कोणी मेले होते काय? हे चित्रपट विचारत नाही.

दिग्दर्शकाने हे जाणून केले असा माझा आरोप नाही. उलट, न जाणता केले यातच त्याचे महत्त्व आहे. जाणून केलेल्या अन्यायाला जाब विचारता येतो. अन्याय जेथे इतका सवयीचा झालेला असतो की करणाऱ्याला आणि पाहणाऱ्यालाही तो दिसत नाही, तेथे आधी दाखवावा लागतो.

याच हवेलीत राधा आहे. विधवा, पांढऱ्या साडीत, संध्याकाळी दिवे मालवणारी. जय तिच्यावर प्रेम करतो, ठाकूर पुनर्विवाहाला तयार होतो, तिच्या वडिलांना समजावतो. आणि मग कथा जयलाच मारते. पुनर्विवाहाला संमती दिल्याचे पुण्य मिळाले आणि तो दाखवण्याची जबाबदारीही टळली. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी विधवांसाठी पुण्यात घर उघडले ते १८६३ साली. एकशे बारा वर्षांनंतरही पडद्यावरच्या राधेची खिडकी बंदच होते. शेवट जुना घ्या की नवा, ती खिडकी उघडत नाही.

५

या दोन शेवटांचा विचार आपल्यासाठी सर्वांत महत्त्वाचा.

मूळ शेवटात ठाकूर गब्बरला खिळ्यांच्या जोड्यांनी तुडवतो, गब्बर मरतो आणि ठाकूर कोसळून रडतो. सेन्सॉर म्हणाले, पोलिसात अधिकारी राहिलेला माणूस कायदा हातात घेतो असे दाखवता येणार नाही. शेवट पुन्हा चित्रित झाला. त्यात अगदी नेमक्या क्षणी पोलीस येतात, कायद्याची आठवण देतात आणि गब्बरला धरून नेतात. पन्नास वर्षे आपण हाच शेवट पाहिला.

आणीबाणीतल्या सरकारला कायद्याचा इतका पुळका यावा हा विनोदच होता. लोकांना खटल्याशिवाय तुरुंगात टाकणारी सत्ता चित्रपटातल्या डाकूसाठी खटला मागत होती. कलावंतावर अशी जबरदस्ती करण्याचा अधिकार सत्तेला नसावा, याबद्दल दुमत नको. म्हणून मूळ शेवट परत आला हे चांगले झाले.

पण तो शेवट आपला आहे काय? ठाकूरने स्वतःच्या पायांनी न्याय केला यात नवे काय आहे? आपल्या गावांतला न्याय शतकानुशतके ठाकूरच्या, पाटलाच्या, देशमुखाच्या पायांनीच होत आला. त्या पायांखाली सहसा गब्बर नसे; आपला बाप असे. बाबासाहेबांनी संविधानाकडे बोट दाखवले ते त्या पायांतून न्याय सोडवण्यासाठी. वस्तीतला तरुण मूळ शेवटाला शिट्टी मारील. त्याचा राग मला समजतो. तो माझाही आहे. मात्र कायदा हातात घेण्याची मुभा सर्वांना मिळाली तर ती आधी कोणाच्या हाती जाईल हे त्याने विसरू नये.

मग सेन्सॉरचा शेवट आपला? तोही नाही. त्या शेवटातले पोलीस वेळेवर येतात. आपल्या जिल्ह्याने पाहिलेले पोलीस आणि पाहिलेली न्यायालये ही आहेत : जानेवारी २०१३ मध्ये नेवासे तालुक्यातल्या सोनईला तीन तरुणांचे खून झाले. तो खटला नाशिकला चालला आणि जानेवारी २०१८ मध्ये सहा जणांना फाशीची शिक्षा सुनावली गेली. एप्रिल २०१४ मध्ये जामखेड तालुक्यातल्या खर्ड्याला एका सतरा वर्षांच्या शाळकरी मुलाला मारून टाकले. साक्षीदार फितूर झाले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये आरोपी सुटले. कायदा एकच, जिल्हा एकच, फळ दोन. कायदा आपल्या बाजूचा आहे, पण तो आपल्या पायांनी चालत येत नाही. त्याला साक्षीदार लागतात, साक्षीदाराला संरक्षण लागते, खटला लांबला तरी तालुक्याला हेलपाटे घालणारा कार्यकर्ता लागतो. हा शेवट पडद्यावर नीरस दिसेल. पण आपला शेवट तोच आहे आणि तो दोन्ही प्रतींत नाही.

६

साचा परका असला म्हणून त्यात आपली गोष्ट बसवता येत नाही असे मात्र नाही. अमेरिकेतल्या काळ्या कलावंतांनी हे करून पाहिले आहे.

१९७२ साल आपल्याला दलित पँथरचे साल म्हणून ठाऊक आहे. त्याच साली नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला, त्याच साली आपल्या जिल्ह्यात दुष्काळाची खडी फोडली जात होती. आणि त्याच साली सिडनी पॉयटिए यांनी 'बक अँड द प्रीचर' हा वेस्टर्न दिग्दर्शित केला. जोडीला हॅरी बेलाफाँटे. यादवी युद्धानंतर गुलामीतून सुटलेली काळी कुटुंबे गाड्या घेऊन पश्चिमेकडे निघाली आहेत आणि जुन्या मळेवाल्यांचे भाडोत्री गुंड त्यांना मजुरीसाठी परत हाकलायला येत आहेत. उसाच्या फडातून पळालेल्या कुटुंबामागे मुकादमाची जीप लागते हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना ही कथा परकी वाटणार नाही. वाटेत मूळनिवासींच्या मुलखातून जावे लागते. तेथे बकला ऐकून घ्यावे लागते की तू गोऱ्यांच्या सैन्यात होतास. दलित, आदिवासी, भटके यांच्या एकजुटीवर आपण भाषणे करतो. एकमेकांचे जुने हिशेब उघडल्याशिवाय ती होत नाही, हे या चित्रपटाला कळले होते. २०२२ साली क्रायटेरियन कंपनीने तो नव्याने टिपून घरगुती डिस्कवर काढला.

त्याच्याजवळच आणखी एक प्रकार होता. कमी पैशांत, झटपट, मारामारी आणि सनसनाटी यांवर गल्ला जमवणारे काळ्या नायकांचे चित्रपट. व्यापारी भाषेत यांना एक्सप्लॉइटेशन म्हणतात. आपल्या कानाला या शब्दाचा पहिला अर्थ शोषण असा लागतो आणि तो फार चुकीचाही नाही. काळ्यांचा राग विकून पैसा मात्र बहुधा गोरे निर्माते नेत, अशी टीका काळ्यांच्या संघटनांतूनच त्या वेळी झाली. तरी या राशीतही दाणे होते. फ्रेड विल्यमसन यांनी लिहिलेला आणि जॅक अर्नोल्ड यांनी दिग्दर्शित केलेला १९७५ सालचा एक वेस्टर्न घ्या. 'शोले'च्याच सालचा. त्याच्या शीर्षकातच काळ्यांना दिली जाणारी शिवी होती. पुढे घरगुती व्हिडिओवर आणताना तो शब्द गाळून नुसते 'बॉस' ठेवले गेले. कथा अशी की एक काळा माणूस गोऱ्यांच्या गावाचा कोतवाल होतो आणि नियम करतो : चारचौघांत मला ती शिवी दिली तर दंड किंवा कोठडी. १९७५ साली प्रेक्षक यावर हसले असतील. आपल्या देशात १९८९ साली अत्याचार प्रतिबंधक कायदा झाला आणि लोकांसमोर जातीवरून अपमान करणे हा गुन्हा ठरला. गल्लाभरू चित्रपटात जो विनोद होता तो आपल्याकडे कायदा झाला. आणि त्या कायद्याविरुद्ध केवढा ओरडा झाला, तेही आपण पाहिले.

शीर्षकातली शिवी गाळावी की ठेवावी? दुकानदाराने गाळली कारण माल खपला पाहिजे. आपल्या आत्मकथनांनी शिव्या गाळल्या नाहीत, कारण त्या कोणी दिल्या याचा पुरावा राहिला पाहिजे. ज्याला ती शिवी दिली गेली तो ती लिहितो तेव्हा ती फिर्याद असते. म्हणून ठेवायचे की गाळायचे हे ज्याच्या अंगावर तो शब्द पडला त्याने ठरवावे.

आपल्याकडेही साचा मोडणारी माणसे निघाली. शेजारच्या करमाळा तालुक्यातल्या नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'त (२०१३) शेवटी जब्या दगड भिरकावतो आणि तो थेट प्रेक्षकाकडे येतो. तेथे मागे उभा असलेला माणूस पुढे आला आहे. रामलालने चाळीस वर्षे दाबून ठेवलेले काहीतरी त्या दगडात आहे असे मला वाटते.

७

शेवटचा प्रश्न जतनाचा. जीर्णोद्धार कशाचा होतो? ज्याची प्रत कोणीतरी कुठेतरी थंड गोदामात भाडे भरून ठेवलेली असते त्याचा. भारतात तेराशेच्या आसपास मूकपट निघाले, त्यांतले तीसच्या आसपास उरले. २००३ साली पुण्याला जुन्या रिळांच्या साठ्याला आग लागली, त्यात प्रभातचा ठेवाही गेला. मोठ्यांची ही गत, तर आपली कोण विचारणार? मल्याळम सिनेमाची पहिली नायिका पी. के. रोझी ही दलित होती. 'विगतकुमारन' या मूकपटात तिने नायर स्त्रीचे काम केले म्हणून लोकांनी तिला गाव सोडायला लावले. त्या चित्रपटाची प्रत आज नाही. तिचा चेहरा आता कोणतीही प्रयोगशाळा परत आणू शकत नाही.

उलट उदाहरणही आहे. शाहीर विलास घोगरे रमाबाई नगरच्या गोळीबारानंतर, जुलै १९९७ मध्ये, स्वतःचे आयुष्य संपवून गेले. पण त्यांचे गाणे आनंद पटवर्धनांनी 'बॉम्बे : अवर सिटी' (१९८५) मध्ये टिपून ठेवले होते, म्हणून 'जय भीम कॉम्रेड'मधून (२०११) ते पुढच्या पिढीला दिसले. टिपून ठेवले, म्हणून उरले.

आपल्या वस्त्यांतही असे पुष्कळ आहे. नामांतराचे मोर्चे, जलशांचे कार्यक्रम, जयंतीच्या मिरवणुका, धम्मदीक्षेचे समारंभ, लग्ने. कोणीतरी लग्नाच्या कॅमेऱ्याने ते टिपलेले असते आणि कॅसेट पेटीत पडलेली असते. व्हिडिओची फीत आपणहून कुजते. तिच्यावरचा लेप सुटतो, बुरशी चढते, आणि ती वाजवायचे यंत्र आता दुरुस्तही होत नाही. म्हणून ही कामे या वर्षातच करावीत. कॅसेट पुस्तकासारखी उभी, कोरड्या जागी, उन्हापासून आणि स्पीकरच्या लोहचुंबकापासून दूर ठेवावी. बुरशी दिसली तर यंत्रात घालू नये. फीत अडकून तुटते. तालुक्याच्या जुन्या व्हिडिओ शूटिंगवाल्यांकडे अजून व्हीसीआर असतात. त्यांच्याकडून संगणकावर उतरवून घ्यावी. एक प्रत घरी, दुसरी दुसऱ्या गावी ठेवावी, म्हणजे एक घर जळाले किंवा बुडाले तरी ठेवा राहील.

आणि प्रत उतरवली की वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांना शेजारी बसवून चित्र थांबवत थांबवत पाहावे. गाव, तारीख, कशाचा मोर्चा, आणि चौकटीत दिसणाऱ्या प्रत्येकाचे नाव विचारून वहीत लिहावे. पुढाऱ्याचे नाव सगळ्यांना ठाऊक असते. त्याच्या मागे झेंडा धरून उभा असलेला कोण, पाण्याची बादली घेऊन चाललेली बाई कोण, हे आधी लिहावे, आडनावासकट.